भीमाकाठचे द्राक्षमळे : एक अभ्यास

फ्रान्समधील बोर्दो, पोर्तुगालमधील दोरू, कॅलिफोर्नियातील नापा इत्यादी द्राक्षांच्या खोऱ्यांची नावे वरच्या वर्गांतील मुलांच्या कानांवर केव्हा ना केव्हा पडलेली असतात. तेथील नद्या, समुद्रावरून येणारे गार वारे, उतारांवर लावलेले वेल आणि त्यांच्या फळांपासून होणारी वाइन यांची वर्णने आपण आवडीने वाचतो. परंतु आपल्या दारावरून वाहणाऱ्या भीमेच्या दोन्ही तीरांवर असेच एक लहानसे खोरे आहे, त्याला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो आपल्याच आजोबा-पणजोबांच्या घामाने लिहिला गेला आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशातला हा प्रकार होय.

यास्तव गेल्या माघ महिन्यात नववीच्या वर्गातील मुलामुलींना घेऊन आम्ही काष्टीपासून रोटीपर्यंत दोन दिवसांची अभ्यासाची सहल केली. तेथे जे पाहिले, जे ऐकले आणि परत आल्यावर पुस्तकांशी जे ताडून पाहिले, ते विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या आईवडिलांसाठी येथे संक्षेपाने मांडीत आहोत.

काष्टीचा बाजार व भीमा

काष्टी हे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील श्रीगोंदे तालुक्याचे मोठे गाव. दौंडाहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हे स्थानक लागते. गावापासून भीमा जवळच असून तिच्या पलीकडे पुणे जिल्ह्याची हद्द सुरू होते. भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावलेल्या या नदीस येथवर येता येता मुळा-मुठेचे व घोडनदीचे पाणी मिळालेले असते. हीच पुढे पंढरपुरास चंद्रभागा म्हणून वारकऱ्यांना भेटते.

दर शनिवारी काष्टीस जनावरांचा मोठा बाजार भरतो. आमची सहल मुद्दाम शनिवारीच निघाली. बैल, गाई, वासरे यांची रांगच रांग लागलेली होती. एका व्यापाऱ्यास आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "काका, गाईची किंमत कशावरून ठरते?" तो हसून म्हणाला, "अर्धी दातांवरून नि दुधावरून, अर्धी पावसावरून. चारापाणी असलं की गिऱ्हाईक गाईमागं, नसलं की गाय गिऱ्हाइकामागं." या एका वाक्यात या मुलखाचा सगळा भूगोल आला. सह्याद्रीला अडून पाऊस पश्चिमेकडे पडतो व इकडे उरलासुरला पोचतो. वर्षाकाठी सुमारे ५०० मिलीमीटर पाऊस, तोही लहरी. येथे जमिनीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, मोल पाण्याला आहे. जो कोणी या खोऱ्याचा इतिहास वाचू पाहील त्याने प्रथम पाण्याचा माग काढावा.

पेडगावची हत्तीमोट

हा माग आम्ही पेडगावापासून काढला. नदीच्या वाटेने खाली गेले असता श्रीगोंदे तालुक्यातच भीमेच्या तीरावर हा जुना भुईकोट लागतो. मोगलांचा दख्खनचा सुभेदार बहादुरखान कोकलताश याने सतराव्या शतकात येथे तळ दिला, म्हणून यास बहादुरगड म्हणत. इ. स. १६८९ च्या फेब्रुवारी महिन्यात छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून येथेच औरंगजेब बादशहासमोर आणले गेले. त्या स्मृतीस अनुसरून लोक आता यास धर्मवीरगड म्हणतात. त्या ठिकाणी मुले आपोआप गप्प झाली. आम्हाला काही सांगावे लागले नाही.

किल्ल्याच्या आत यादवकालीन लक्ष्मीनारायणाचे कोरीव मंदिर आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू नदीच्या अंगास आहे, ती हत्तीमोट. नदीचे पाणी तटावर चढविण्यासाठी बैलांऐवजी हत्ती जुंपीत, असे हे बांधकाम होते. छावणीला पाणी हवे, बागेला पाणी हवे, आणि ज्याच्या पदरी हत्ती त्याच्याच बागेत पाणी चढे. सामान्य कुणब्याला नदी डोळ्यांसमोर वाहताना दिसे, पण त्याच्या शेतास तिचा थेंब मिळत नसे. तो आपल्या विहिरीवर दोन बैलांची मोट चालवी आणि बाकीच्या रानासाठी आभाळाकडे पाही.

इ. स. १८७५ चा धडा

असा शेतकरी एका वर्षाचा पाऊस चुकला की सावकाराच्या दारी जाई. एकोणिसाव्या शतकात यात आणखी एका गोष्टीची भर पडली. इ. स. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत उत्तर व दक्षिण या राज्यांत युद्ध जुंपले व इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. मुंबईस कापसाचे भाव भडकले. दख्खनमधील शेतकऱ्यांना सावकार हात सैल करून कर्ज देऊ लागले. पुढे १८६५ मध्ये ते युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि भाव कोसळले. त्यातच शेतसाऱ्याची नवी वाढीव आकारणी आली. मुंबईचा पैसा आटताच सावकारानेही हात आखडला आणि जुन्या कर्जाचा तगादा लावला. मिसिसिपी नदीच्या काठी युद्ध थांबले आणि भीमेच्या काठी जप्ती आली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

याचे पर्यवसान १२ मे १८७५ रोजी सुपे या बाजाराच्या गावी झाले. शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. त्यांचा रोख मुख्यत्वे कर्जाच्या कागदांवर होता. खतपत्रे हिसकावून घेऊन त्यांची होळी केली गेली. पाहता पाहता हे लोण भीमा ओलांडून नगर जिल्ह्यात आले आणि पारनेर, नगर, कर्जत व आपला श्रीगोंदे या तालुक्यांतील गावांत पसरले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला व १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. मध्यंतरी १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडून गेला होता. त्याच काळात, म्हणजे १८७८ मध्ये, दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. काष्टीच्या फलाटावर उभे राहून या सनावळीचा क्रम सांगितला, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, म्हणजे आगगाडी आली तेव्हा लोक उपाशी होते?" होय, होते. इतिहासातील सन एकमेकांशेजारी ठेवून पाहावयास शिकले, म्हणजे असे प्रश्न सुचतात.

पाणी आले

विसाव्या शतकात या खोऱ्याची कळा पालटली. १९२७ मध्ये विसापूरचा तलाव पुरा झाला. स्वातंत्र्यानंतर घोडनदीवर धरण झाले, कुकडीचे कालवे आले, विहिरींवर विजेचे पंप बसले. हत्तीमोटेचे पाणी एका सरदाराच्या बागेत चढत असे. कालव्याचे पाणी हजारोंच्या रानात उतरले. ऊस, लिंबू, डाळिंब आणि द्राक्षे यांनी माळ हिरवे झाले. ठिबकने तर थोड्या पाण्यावर मोठी बाग जोपासण्याची सोय करून दिली.

तथापि सगळे दुःख सरले असे नाही. कालव्याच्या टोकाचा शेतकरी अजूनही आवर्तनाची वाट पाहत बसतो, आणि पाणी अति झाले तेथे जमीन चोपण होते.

द्राक्षाचा वेल

वाटेत एका वृद्ध बागायतदाराने आम्हाला आपल्या मळ्यात नेले. लोखंडी मांडवावर तारा ताणून त्यांवर वेल चढविले होते आणि घड हाताला लागतील असे खाली लोंबत होते. आम्ही विचारले, "बाबा, वेलाला वर्षातून दोनदा कापता म्हणे?" ते म्हणाले, "कापावंच लागतं, गुरुजी. थंड देशात बर्फ पडतं, वेल झोपतो. आमच्या वेलाला झोपच नाही. चैत्रात खरड छाटणी करायची, तेव्हा काडी तयार होते. दसऱ्याच्या पुढंमागं गोडी छाटणी, तेव्हा घड निघतो. पहिली चुकली तर दुसरीत पदरात काही नाही."

यात शास्त्र आहे. थंड देशांत हिवाळ्यात पाने गळून वेल विश्रांती घेतो व वसंतात फुटतो. उष्ण देशात तो सदा हिरवा राहतो, म्हणून माणसास कात्रीने त्याचे ऋतू घडवावे लागतात. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादेस आला होता. तेथे द्राक्षांचे पीक वर्षातून दोनदा येते, अशी नोंद त्याने केली आहे. त्यावरून दख्खनच्या माळ्यांस हा वेल किती पूर्वीपासून परिचित होता, हे कळते.

बाबांनी वेलाचा बुंधा दाखविला. तो निराळ्या जातीचा होता. त्यास 'डॉगरिज' म्हणतात. हा अमेरिकेतील रानवेलापासून आलेला खुंट असून खारवट जमिनीत व अपुऱ्या पाण्यावर तग धरतो. त्यावर गोड जातीचे कलम बांधतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे मळे मुळांपासून उद्ध्वस्त केले, तेव्हा तेही अशाच अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून वाचविण्यात आले. कोपऱ्यात निळसर द्रावणाचे पिंप होते. हे मोरचूद व चुना यांचे बोर्दो मिश्रण. रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून बोर्दो प्रांतातील शेतकरी असे काही वेलांवर शिंपडीत. त्या वेलांवर केवड्याचा रोग पडत नाही, हे मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने हेरले व १८८५ मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला. श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याच्या पाठीवरच्या पंपात फ्रान्सचे नाव आहे, हे ऐकून मुलांस मोठी मौज वाटली.

परंतु बाबांनी शेवटी जे सांगितले ते मौजेचे नव्हते. "मांडव, तारा, ठिबक, औषधं, विरळणीची टोळी, सगळं उधारीवर. घड पिकत आले की एका रात्रीचा अवकाळी पाऊस बास होतो. मणी तडकतात. दुष्काळात चैत्र-वैशाखात टँकरचं पाणी विकत घेऊन वेल जगवलाय आम्ही." मुलांपैकी काहींच्या घरी द्राक्षबाग आहे, काहींची आईबापे त्याच विरळणीच्या टोळीत कामाला जातात. दोघांच्याही मुलांनी हे मान खाली घालून ऐकले.

रोटी येथील मळे व वाइन

दुसऱ्या दिवशी भीमा ओलांडून दौंड, पाटस या मार्गाने आम्ही रोटीस गेलो. रोटीचा घाट वारकऱ्यांस सुपरिचित आहे, कारण श्री तुकाराम महाराजांची पालखी पाटसाहून याच घाटाने बारामतीकडे जाते. याच गावी, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, 'फोर सीझन्स' या नावाची वाइनरी व तिचे द्राक्षमळे उभे राहिले. जेथे आषाढात टाळमृदंग वाजतात त्याच माळावर फ्रान्समधील जातींचे वेल लावले गेले. आम्ही मुलांस वाइनरीत नेले नाही, हे पालकांनी जाणावे. मळे मात्र रस्त्यावरून दाखविले, आणि झाडाच्या सावलीत बसून पुढील पाठ घेतला.

द्राक्षाच्या रसात साखर असते. यीस्ट नावाचा सूक्ष्म जीव ती साखर खाऊन तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू यांत रूपांतर करतो. हे कार्य जिवंत सूक्ष्म जीवांचे आहे, हे लुई पाश्चर याने १८६० च्या सुमारास दाखवून दिले. काळ्या द्राक्षांचा रस सालींसह आंबविला म्हणजे लाल वाइन होते. वाइनसाठी शिराझ, कॅबर्ने, शेनां इत्यादी निराळ्या जाती लागतात. त्यांचे मणी बारीक, साल जाड, आत बी. खाण्यासाठी आपण थॉम्पसनसारखे बिनबियांचे, पातळ सालीचे द्राक्ष पसंत करतो. हा भेद विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावा, कारण पुढील सर्व हकीकत त्यावर अवलंबून आहे. खाण्याचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा घेतो, नाहीतर पाटीत घालून बाजारात विकता येते, वाळवून बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक एकच, वाइनरी.

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रियेस उत्तेजन देणारे धोरण जाहीर केले. नाशिकच्या बाजूस वाइनरी झपाट्याने वाढल्या व शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती लावल्या. पुढे २००८ मध्ये जगभर मंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर अतिरेक्यांचा हल्ला झाला, आणि पाहुण्यांअभावी मोठ्या हॉटेलांतील खप घसरला. पिंपे भरलेली राहिली. द्राक्षे घेण्यास कोणी पुढे येईना, तेव्हा नाशिक भागातील अनेक शेतकऱ्यांनी पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेले वेल उपटून टाकले.

आता हे वर्ष १८६५ च्या शेजारी ठेवून पाहा. तेव्हा कापूस होता, आता द्राक्ष. तेव्हा अमेरिकेतील युद्ध संपले, आता दूरच्या पेढ्या बुडाल्या. दोन्ही वेळा पीक चांगले होते, शेतकरी कष्टाळू होता, पाऊसही दोषी नव्हता. भाव ठरविणारा हात मात्र इतका दूर होता की शेतकऱ्यास तो दिसतही नव्हता. या खोऱ्याच्या इतिहासातून आम्हाला एकच सूत्र हाती लागले ते हे : जे पीक एकाच दूरच्या गिऱ्हाइकासाठी, कर्जाच्या पैशाने व उसन्या पाण्यावर लावले जाते, ते कितीही गोड असो, घराचा आधार होऊ शकत नाही. घरची ज्वारी, दावणीची दुभती गाय आणि गाठीची थोडी शिल्लक, हे आधार सोबत असतील तरच द्राक्षाची जोखीम शोभते.

बाटलीचा प्रश्न

आणखी एका प्रश्नास बगल देणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. द्राक्ष उत्पादकांस भाव मिळेल, असे एका पक्षाचे म्हणणे होते. आपल्या शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे श्री. अण्णा हजारे यांनी याविरुद्ध उपोषण जाहीर केले व पुढे ग्रामसभेच्या विनंतीस मान देऊन ते स्थगित केले. मुलांत यावर जोराचा वाद झाला. एक विद्यार्थी म्हणाला, "माझे वडील द्राक्षे पिकवतात, दारू नाही." दुसरी एक मुलगी इतकेच म्हणाली, "आमच्या गावात आयांनी आडवी बाटली केली, तेव्हापासून आमच्या घरात भांडण नाही." गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीस मत दिले तर दारूचे दुकान बंद होते, हा नियम त्या मुलीस पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

पवित्र शास्त्रात द्राक्षीचा वेल वारंवार येतो. प्रभू येशूने स्वतःस वेलाची उपमा दिली आहे. मळ्यात उशिरा आलेल्या मजुरासही पोटापुरती मजुरी देणाऱ्या धन्याचा दाखला त्याने सांगितला आहे. त्याच शास्त्रात नोहाची फजिती आहे, आणि बापजाद्यांचा मळा राजास विकण्याचे नाकारणाऱ्या नाबोथाचा खूनही आहे. अर्थात वेल निर्दोष आहे. त्याचे काय करावयाचे, हे माणसाने ठरवायचे असते. १८६९ मध्ये अमेरिकेतील डॉ. थॉमस वेल्च या मेथडिस्ट गृहस्थाने पाश्चरच्या रीतीने रस तापवून तो आंबू न देता टिकविला. हेतू हा की प्रभुभोजनाच्या प्याल्यात मद्य असू नये. त्यातूनच द्राक्षरसाचा मोठा धंदा उभा राहिला. आपल्याकडे सांगली-तासगावच्या शेतकऱ्यांनी बेदाण्याची वाट काढली. तेव्हा द्राक्षाला भाव म्हणजे बाटलीच, असे मानण्याचे कारण नाही. ज्याच्या घरी मळा आहे त्याच्या कष्टास आम्ही नमस्कार करतो. ज्याच्या घरी दारूने चूल विझली आहे त्याचे दुःखही आम्ही विसरत नाही. आमच्या वर्गात ही दोन्ही मुले एकाच बाकावर बसतात.

मुलांनी घरी विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या शेतास, किंवा आईवडील जेथे कामास जातात त्या शेतास, पाणी कोठून येते? ते आजोबांच्या वेळी कोठून येत असे?

२. घरातील सर्वांत जुना कर्जाचा किंवा जमिनीचा कागद कोणत्या सालचा आहे? त्यावर कोणाची नावे आहेत?

३. आपल्या गावात पूर्वी कोणते पीक होते जे आता दिसत नाही? ते का गेले?

४. आपल्या मुख्य पिकास किती प्रकारची गिऱ्हाइके आहेत? एकाने नाकारले तर दुसरे कोण?

५. वेलावरील द्राक्षे ताटात, बेदाण्यात, रसात व वाइनमध्ये जातात. या प्रत्येक वाटेवर शेतकऱ्यास, मजुरास व घरातील आईस काय मिळते?

उत्तरे वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकून त्यांच्याच शब्दांत वहीत लिहावी. जून महिन्यात शाळा उघडल्यावर या सर्व वह्या एकत्र करून काष्टी व आसपासच्या गावांचा एक हस्तलिखित इतिहास तयार करण्याचा आमचा मानस आहे. पालकांनी त्यास हातभार लावावा, ही नम्र विनंती.